कृष्णाकाठची वांगी, रानमाश्या आणि एक भिंत

१५ सप्टेंबर २०२४, भिलवडी

रानमाश्यांच्या अभ्यासाचे प्लॉट ठरले. सांगली जिल्ह्यात औदुंबर ते भिलवडी या पट्ट्यात नदीकाठच्या मळीत वांगी आहेत, पण तुकड्यातुकड्यात. कुठे दहा गुंठे, कुठे पंधरा, आणि भोवती नजर जाईल तिथवर ऊस. निवडताना बांध बघितला. काही प्लॉटच्या बांधावर भुईरिंगणी, तरवड, रानतुळस, गवत असं सगळं आहे. काहींचे बांध तणनाशक मारून पिवळे केलेले. वांग्याची जात सगळीकडे एक मिळणार नाही, जो तो आपल्या ओळखीच्या नर्सरीतून रोप आणतो. म्हणून फुलांची तुलना त्या त्या प्लॉटमध्येच करायची, एका शेतातल्या झाडाची दुसऱ्या शेतातल्या झाडाशी नाही.

प्रश्न साधा आहे: कृष्णाकाठच्या वांग्याचं फळ धरायला कोणती रानमाशी हातभार लावते आणि ती राहते कुठे. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर कुणाकडे लिहिलेलं नाही.

पहिल्या प्लॉटचे मालक आबा बांधावर येऊन उभे राहिले. "मॅडम, मध किती निघंल ह्यातनं?" मी म्हटलं, काहीच नाही. जगात माश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत, आपल्या देशात सातशेच्या वर, आणि मध साठवणाऱ्या त्यात मूठभर. बाकीच्या बहुतेक एकेकट्या. मादी स्वतः बीळ खणते, परागाचा गोळा भरते, त्यावर अंडं घालते, तोंड बुजवते आणि पुढच्या कोठडीला लागते. ना राणी, ना कामकरी. आबा म्हणाले, "म्हंजे एकटीचाच परपंच." मग थोडं थांबून, "आन् मध न्हाई तर सरकार पैसं कशाला देतंय?"

रास्त प्रश्न. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 'मधाचं गाव' झालं तेव्हापासून माशी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पेटी येते. त्या कामाबद्दल आदर आहे, पण पेटीतली सातेरी मधमाशी वांग्याच्या फारशी कामाची नाही. का ते आबांना फुलावरच दाखवेन, तोंडी सांगून पटत नाही.

२२ सप्टेंबर

रंगीत वाट्या लावल्या. पिवळी, निळी, पांढरी, अशा ओळीने, आत साबणाचं पाणी. फूल समजून माशी येते आणि बुडते. एक ओळ शेळ्यांनी पिऊन टाकली. उरलेल्यांत तुडतुडे, साध्या माशा, हॅलिक्टिड कुळातल्या बारीक रानमाश्या. मोठ्या माश्या वाटीला फसत नाहीत हे जुनंच ज्ञान. तरी वाट्या लावाव्याच लागतात, कारण दुसऱ्या अभ्यासांशी ताडायला तेच एक समान माप आहे. माझा भर मात्र जाळी आणि डोळ्यांवर राहणार.

सहायक विद्यार्थी तालमीतला आहे, गाव त्याला पैलवान म्हणतं. जाळी फिरवायला मनगट चांगलं आहे. माशी बाटलीत घालताना मात्र हात थरथरतो. थरथरू दे. जी शेतात ओळखता येते ती मारायची नाही, हा नियम आहेच.

६ ऑक्टोबर

आज सकाळ कामी आली. दव होतं, ऊन पाटावरून सरकत वांग्यावर आलं आणि सातच्या सुमाराला पहिला आवाज.

वांग्याच्या फुलात मधुरस नसतो. द्यायला फक्त पराग, आणि तोही कुलपात. परागकोश पिवळ्या शंकूसारखे एकत्र उभे, ते उभे फाटत नाहीत. प्रत्येकाच्या टोकाला बारीक भोक असतं, पावडरच्या डब्यासारखं. हलवल्याशिवाय काही पडत नाही. वाऱ्याने थोडं हलतं, थोडं पडतं, म्हणून वांगं एकट्यानेही थोडंफार धरतं. पण पोटभर पराग पाडायचा तर कुणीतरी तो शंकू मिठीत घेऊन थरथरवायला हवा. मधमाशीला ते जमत नाही. ती पाकळीवर सांडलेलं वेचते आणि जाते.

आज थरथरवणाऱ्या तिघी दिसल्या. एक अ‍ॅमेगिला: मधमाशीएवढी, केसाळ, पोटावर निळे पट्टे. फुलावर जेमतेम एक-दोन सेकंद. शंकूला लटकते, तीक्ष्ण 'झीं' असा आवाज येतो, पोटावर पिवळी धूळ, की गेली पुढच्या फुलाला. उडतानाचा आवाज वेगळा, फुलावरचा वेगळा. एकदा कानात बसला की डोळे मिटूनही मोजता येतं. दुसरा आपला काळा भुंगा, झायलोकोपा. तो आला की अख्खं फूल वाकतं आणि आवाज खर्जात लागतो. तिसरी होप्लोनोमिया, लहानशी, पोटावर मोत्याच्या रंगाचे पट्टे, बाकी दोघींपेक्षा सावकाश. सातेरीही आली, वेचून गेली.

आबांना बोलावून दाखवलं. त्यांचं म्हणणं, भुंगा तर आम्ही हाकलतो, फूल मोडतो म्हणून. फूल मोडत नाही, वाकतं. परागकोशांच्या शंकूवर तांबूस ओरखडे राहतात, ते थरथरवून गेल्याची खूण. फूल चावून धरतात त्याचे ते व्रण. आता आबा फुलं उलटी करून व्रण शोधत बसले. माझी मोजणी तेवढी राहिली.

दहा वाजता सगळं संपलं. आणि त्याच वेळी शेजारच्या प्लॉटवर पाठीवरचा पंप सुरू झाला.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. घरी आलेल्या सोन्यात आपट्याच्या एका पानाची कड गोल कापलेली होती, कंपासने कापावी तशी स्वच्छ. पानकापी माशी, मेगाकायली. ते पान वहीत चिकटवलं. आईला ते आवडलं नाही.

२० ऑक्टोबर

बिळांचा शोध. या नोंदीला वेळ देते, कारण प्रकल्पाचा गाभा इथेच असावा असं वाटायला लागलं आहे.

अ‍ॅमेगिला जमिनीत किंवा मातीच्या उभ्या भिंतीत बीळ करते. प्रत्येक मादीचं बीळ स्वतंत्र, पण बिळं शेजारी शेजारी. आधी नदीची दरड बघितली. बीळ करायला उत्तम वाटेल अशी, पण यंदाच्या पाण्यानेही तिचा काही भाग खाली बसला आहे. मग बांध: जिवंत बांधांवर होप्लोनोमियाची बिळं मिळाली, तोंडाशी मातीचा छोटा ढीग. तणनाशक मारलेल्या बांधावर माती उघडी असते, म्हणजे खरं तर बिळाला सोय. पण तिथे आता रोटर घालून बांधच निम्मा केलेला. उसाच्या रानात काहीच नाही. काळी माती भेगाळते, शिवाय पाट सतत ओला.

दुपारी पैलवान म्हणाला, मॅडम, गावठाणात चला, तिथं भिंतीत माश्या शिरत्यात. गेलो.

जुन्या घराची मागची भिंत. पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या पांढऱ्या मातीची, दोन हातांहून जाड. पुढचं घर २०१९ च्या पुरात बसलं, तिथे आता सिमेंटचं झालंय; मागची भिंत तेवढी उरली आणि तिला टेकून शेळ्यांचा गोठा. पूर्वेकडच्या अंगावर भोकंच भोकं. तासभर नुसती बसले. निळ्या पट्ट्यांच्या माद्या पायांवर पराग लादून येत होत्या, क्षणभर हवेत थांबून नेमक्या आपल्या भोकात शिरत होत्या. भिंतीजवळ थायरियस नावाची माशीही घिरट्या घालत होती, अंगावर निळसर ठिपके, चोरासारखी. ही स्वतः बीळ खणत नाही. अ‍ॅमेगिलाच्या कोठडीत अंडं घालते, तिची अळी यजमानाची शिदोरी खाते. अभ्यासकाला ती दिसली की बरं वाटतं. परजीवी पोसला जातोय याचा अर्थ यजमानांची वस्ती भरपूर आणि जुनी आहे.

मग गावठाणभर हिंडलो. पुराआधी अशा भिंती गल्लोगल्ली होत्या असं सगळेच सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ आहे. काठच्या गावांत मातीची घरं आठवडाभर पाण्यात राहिली आणि बसली. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. त्यानंतर जो तो सिमेंटकडे वळला, आणि का वळू नये? पुरात डोक्यावर छप्पर राहिलं पाहिजे.

पुराने माश्या बुडवल्या का, हा प्रश्न मला सगळे विचारतात. अ‍ॅमेगिला कोठडीच्या आतल्या अंगाला मेणासारखं अस्तर देते, थोडी ओल त्याने अडते. आठवडाभराच्या पाण्यापुढे किती टिकेल हा वेगळा भाग. माझा संशय दुसरीकडे आहे. पुराने माश्यांपेक्षा भिंती जास्त नेल्या. माश्या वरच्या गावांतून परत येऊ शकतात, पण आल्यावर बीळ करायला जागा नाही. हे सिद्ध करायचं तर भिंत ते शेत अंतर मोजून फळधारणेशी ताडावं लागेल. मूळ प्रस्तावात भिंत हा शब्दही नाही. त्यात टाकते.

संध्याकाळी परतताना भुईरिंगणीच्या वाळक्या काडीवर अ‍ॅमेगिलाचे नर रांगेने झोपायच्या तयारीत. जबड्याने काडी धरायची, पाय आखडायचे, रात्र तशीच काढायची. नरांना बिळात जागा नसते. बांध जाळला किंवा फवारला की हे सगळे एका रात्रीत जातात.

२७ ऑक्टोबर

भिंतीला खड्डा! पोरांनी दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती खणून नेली. पांढरीची माती चिकट, बुरूज चांगले उभे राहतात, त्यांचं चुकलं नाही. किल्ला बघायला गेले. प्रतापगड. एका बुरुजात फुटलेली कोठडी आणि आत अळी. मावळे बाजूला ठेवून पोरांना सगळं सांगितलं. ठरलं ते असं: माती पश्चिमेच्या अंगाने घ्यायची, तिकडे बिळं नाहीत. पूर्वेच्या अंगावर त्यांनी स्वतःच कोळशाने लिहून ठेवलं, 'हात लावू नये'. खाली अफजलखानाचं चित्र का काढलं ते विचारलं नाही.

१० नोव्हेंबर

पिशव्यांचा प्रयोग सुरू. ओढणीला लावतात ती बारीक नेट सांगलीच्या गणपती पेठेतून आणली, दुकानदाराने लग्न कधी म्हणून विचारलं. कळीवर पिशवी, देठाला दोरा, रंगीत खूण. तीन गट: झाकलेली फुलं, उघडी फुलं, आणि झाकून ठेवून हाताने थरथरवायची फुलं.

वांग्याला आखूड कुक्षीवृंताची (स्त्रीकेसराच्या दांड्याची) फुलंही येतात, ती बहुधा गळतातच, माशी आली काय नाही काय. त्यांना मोजलं तर सगळा हिशोब बिघडतो. फक्त लांब वृंताची घ्यायची, म्हणून प्रत्येक फूल भिंगाखाली बघून. मान धरली.

फवारणीवर आबांशी बोलणं झालं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्याची पाठ सोडत नाही, त्यामुळे फवारूच नका म्हणणारा माणूस शेतकऱ्याच्या नजरेतून उतरतो, आणि मी ते म्हणणारही नाही. वेळ बदला एवढंच मागितलं. सकाळी सात ते दहा माश्यांची वेळ, तीच यांच्या पंपाची. आबांची बाजूही ऐकली: सकाळी वारा पडलेला असतो, औषध उडत नाही, संध्याकाळी मजूर नसतात, लाइट रात्रीची असेल तर त्या वेळी पाणी पाजायचं असतं. म्हणजे वेळापत्रक माशी ठरवत नाही, वीज ठरवते. शेवटी, फुलांचा भर असेल त्या दिवसांत तरी चारनंतर, एवढ्यावर आलो. रोप लावताना मुळं इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकात बुडवतात त्याबद्दल पुढच्या हंगामात बोलेन. युरोपीय संघाने २०१८ मध्ये ते आणि त्याची दोन भावंडं उघड्या शेतात बंद केली, पण हे वाक्य बांधावर उपयोगाचं नाही. जमिनीत घर करणाऱ्या माशीला ते मातीतूनही भिडू शकतं, हे मात्र समजतं, कारण आबांना आता बीळ माहीत आहे.

१६ नोव्हेंबर

आवाज ध्वनिमुद्रित करायचे होते. प्रचाराच्या गाड्या सकाळी सातपासून. प्रत्येक फितीत अ‍ॅमेगिलाच्या मागे उमेदवार. २० तारखेला मतदान, तोवर मायक्रोफोन पिशवीत.

२४ नोव्हेंबर

महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागातून नादकाटा मागून आणला, ३२० हर्ट्झचा. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅमेगिलाच्या एका जातीवर झालेल्या कामात ती परागकोशावर डोकं आपटते आणि ते सेकंदाला साडेतीनशेच्या आसपास, असं दिसलं होतं. विभागात त्याच्या जवळचा काटा हाच मिळाला. रबरावर आपटून शंकूच्या देठाशी टेकवला. काळ्या कागदावर पिवळ्या धुळीचा पट्टा पडला. आबांनी काटा हातात घेतला, दुसऱ्या फुलाला लावला, तिसऱ्याला लावला. "आयला, ही तर चाळण हलवल्यागत गळतंय." मग वहिनींना हाक मारली, शेजारच्या तात्यांना हाक मारली. सोमवारी परत द्यायचा काटा संध्याकाळपर्यंत वस्तीवर फिरत होता.

तात्यांनी विचारलं, मग हे यंत्रानेच का करत नाहीत? करतात. हरितगृहातल्या टोमॅटोला थरथरणारी कांडी लावायचे, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी युरोपात भंबलबी ही थरथरवणारी केसाळ माशी पाळून विकायला सुरुवात झाली तेव्हा तो खर्च वाचला. आपल्याकडे भंबलबी हिमालयात, कृष्णाकाठी नाही. इथे ते काम भिंतीतली करते, पगार न घेता.

८ डिसेंबर

काल चंपाषष्ठी झाली. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं आता भरताला मोकळी, त्यामुळे भाव सुधारतोय आणि आबांना झाकलेली फळं तोडायची घाई आहे. झाकलेली वांगीही धरलीत, हे अपेक्षितच. पण उघड्यांच्या मानाने लहान, काही एका बाजूला दबलेली, कापल्यावर बी कमी. काट्याने थरथरवलेली दोन्हींच्या मधली. एक हंगाम आहे, आकडे विश्लेषणाआधी कुणाला सांगायचे नाहीत. वहिनींनी मात्र निकाल लावून टाकला: "झाकल्याल्याचं भरीत पानचट हुतंय." चवीचा रकाना आपल्या तक्त्यात नाही.

१९ डिसेंबर, पुणे

आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात नमुने ताडायला. पिन लावलेल्या माश्यांचा डबा एसटीत मांडीवर. शेजारच्या आजींनी पेढे समजून दोनदा विचारलं.

अ‍ॅमेगिलाची ओळख पटवणं ही डोकेदुखी आहे. लिनियसने १७५८ मध्ये वर्णन केलेल्या 'झोनाटा' या जातीचं नाव आपल्याकडे जिला तिला लावलं गेलं. बिंगहॅमच्या भारतातल्या माश्यांवरच्या १८९७ च्या खंडात ती अँथोफोरा या प्रजातीत आहे. अ‍ॅमेगिला हे नाव फ्रीझने दिलं तेही त्याच साली. जुन्या नोंदीत 'झोनाटा' लिहिलंय म्हणून ती तीच, असं धरता येत नाही. नर लागतात, त्यांचे जननावयव सोडवून बघावे लागतात, तोंडावरच्या पिवळ्या खुणा लागतात. भिंतीवरच्या माद्या आणि काडीवर झोपलेले नर एकाच जातीचे आहेत का, हेसुद्धा असं बघूनच ठरेल. तोवर लेबलवर 'अ‍ॅमेगिला, झोनाटा गट'. घाईने नाव देण्यापेक्षा हे बरं.

५ जानेवारी २०२५

सागरेश्वर. तुलनेसाठी ऊस नसलेली जागा हवी होती. उघड्या टेकड्यांवर धों. म. मोहिते यांच्या धडपडीने उभं राहिलेलं हे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य झालं, पावणेअकरा चौरस किलोमीटरच्या आसपास. वाळक्या लाकडात भुंग्यांची भोकं भरपूर, खाली ताजा भुसा. परवानगीत फक्त निरीक्षण आहे, जाळी नाही. बरंच झालं, पैलवान हरणांकडेच बघत होता.

१३ जानेवारी

भोगी. भाजीत वांगं हवंच, आज भाव चढा. आबा खुशीत. प्लॉटवर कामच नाही, सगळी फळं बाजारात.

निधीचा दुसरा हप्ता अजून आलेला नाही. खर्चाचं प्रमाणपत्र दिल्याशिवाय हप्ता नाही, आणि हप्त्याशिवाय खर्च नाही. पैलवानाचं मानधन माझ्या खिशातून. तो म्हणतो, राहू द्या मॅडम, कुस्तीत इनाम मिळालंय.

९ फेब्रुवारी

उसाला कोयता लागला. पाचट पेटवतात तेव्हा बांधही पेटतो. दोन जिवंत बांध गेले, भुईरिंगणीची काडी न् काडी. बांधावरची बिळं जमिनीत असल्यामुळे आगीतून वाचली असतील. पुढच्या पंधरवड्यात तोंडं मोजून बघायची.

२० फेब्रुवारी

भिंत पाडायची आहे. भिंतीच्या मालकीण आजींच्या नातवाचं घरकुल मंजूर झालं, मागे न्हाणीघर आणि संडास काढायचा, भिंत आडवी येते. मी गेले तेव्हा टेप लावून मोजमाप चाललेलं. माशीसाठी संडास थांबवा असं कोण सांगणार?

चहा झाला. आजी म्हणाल्या, "त्या माश्या माझ्या सासूच्या वक्तापास्नं हायत. चावत न्हाईत, काय न्हाईत." नातू म्हणाला, तीन फूट जागा पश्चिमेला सरकवता येईल, पण मग भिंत उघडी पडेल आणि पावसात विरघळून आमच्याच अंगावर येईल. हे खरं आहे. शेळ्यांचं छप्पर काढलं की वरून पाणी मुरणार. पूर्वेच्या अंगाचा दहा-बारा फूट तुकडा ठेवायचा, डोक्यावर पत्रा, दोन्ही टोकांना वीट-सिमेंटचा आधार, शेळ्या तिथेच. गवंड्याने खर्च सांगितला, नातू माझ्याकडे बघायला लागला.

उरलेली भिंत पडेल त्याची माती फेकू नका म्हटलंय. तिचे ठोकळे पाडून आबांच्या बांधावर, पूर्वेकडे तोंड करून, पत्र्याखाली रचून बघायचे. माशी येईल की नाही ते पुढच्या सप्टेंबरात कळेल. जुन्या भिंतीतून बाहेर पडणाऱ्या माद्या सहसा तिथेच परत बीळ करतात, म्हणून दोन जागा जितक्या जवळ तितकं बरं. आबांचा बांध थोडा लांब पडतो. वहिनींच्या परसातही एक रास ठेवावी.

पत्र्याचं आणि विटांचं बिल 'फील्ड साहित्य' या खात्यात टाकलंय. लेखापरीक्षक विचारतीलच, माशीच्या अभ्यासाला पत्रा कशाला. पावतीच्या मागे भिंतीचा फोटो जोडला आहे. तेवढ्यावर भागलं नाही तर त्यांना भिलवडीला घेऊन यायचं, सकाळी सातच्या आत.